बिनतारीचे बूट

सकाळी गॅरेजवर येऊन बिनतारीने आपले चामडी बूट ड्रायव्हरपुढे ठेवले. दोघे एकाच पलटणीतले. हा ट्रक चालवायचा, तो बिनतारी यंत्र सांभाळायचा; निवृत्त झाले तरी नावं तीच चिकटून राहिली.

"घे. मला आता लागत नाहीत."

"का रे, पाय विकलेस?"

बिनतारी हसला आणि चपला फटफटवत निघून गेला. बूट मापात बसले, म्हणून ड्रायव्हरने ते पायातच ठेवले.

दुपारी समोरचा शिंपी कौतुकाने सांगत आला, बिनतारीने त्याला रेडिओ दिला आणि चहावाल्याला घड्याळ. ड्रायव्हरच्या हातातला पाना थांबला.

मोहिमेवर निघण्याआधी जवान आपलं सामान असंच वाटायचे. कुणी घड्याळ द्यायचा, कुणी गरम मोजे. देताना म्हणायचे, परत आलो तर दे. बिनतारी तसं म्हणाला नव्हता.

ड्रायव्हरने गाडी काढली.

बिनतारीच्या दारात वहिनी प्रसन्न दिसत होत्या. "बरं झालं आलात, भावोजी. आज यांनी स्वतःहून दाढी केली, कपाट आवरलं. म्हटलं, गाडी रुळावर आली एकदाची."

"वहिनी, त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. आत्ता."

"अहो, पण आज तर बरे आहेत."

"म्हणूनच लावा."

खोली लख्ख आवरलेली होती. बिनतारी खाटेवर बसला होता. ड्रायव्हरने बूट काढून त्याच्या पायांशी ठेवले.

"चावतात?"

"नाही. एक विचारतो, सरळ सांग. जीव द्यायचं ठरवलंयस?"

बिनतारीने बूट जोडीने नीट लावले.

"हो."

दाराआड वहिनींचा फोनवरचा आवाज मध्येच तुटला, मग पुन्हा सुरू झाला.

"डोळा लागला की अडकलेली ती पोरं हाका मारतात," बिनतारी म्हणाला. "यंत्रावर मारत होती तशीच. मी सांगत राहिलो, मदत निघालीय, धीर धरा. मदत निघालीच नव्हती."

"ट्रक माझाच होता. इंजिन चालू ठेवून बसलो होतो. हुकूम आला नाही."

"तुला झोप कशी लागते?"

"लागत नाही."

सगळं ठीक होईल, हे ड्रायव्हरच्या तोंडून निघेना. ते खोटं आहे असंच त्याला वाटत होतं. तो बिनतारीला खेटून बसला.

वहिनी आत आल्या. तोंडावर पाणी मारून आल्या होत्या. "लगेच घेऊन या म्हणालेत. आणि तोवर एकटं सोडू नका."

"ऊठ," ड्रायव्हर म्हणाला. "आज हुकूम लागत नाही. गाडी दारात आहे."

"काय उपयोग? उद्या पुन्हा हेच वाटेल."

"वाटेल. उद्या पुन्हा येतो."

बिनतारीने बुटात पाय घातले. नाड्या काही बांधता येईनात. ड्रायव्हरने खाली बसून बांधल्या, पहिल्यांदा ढिल्या झाल्या म्हणून सोडून पुन्हा बांधल्या.

वहिनी नवऱ्याचा हात धरून मागे बसल्या. ड्रायव्हर अनवाणीच गाडी चालवत होता. त्याच्या चपला गॅरेजातच राहिल्या होत्या.