टिमकीतली खिडकी

नागपुरात टिमकीतल्या बाबनराव कोष्ट्याच्या घरात माग होता ती खोली सगळ्यात मोठी, आणि तिला एकही खिडकी नव्हती. मागच्या दिवाळीनंतर मात्र ती झाली. बाबनरावच्या सुनेच्या, शामलाच्या, थुंकीत रक्त दिसलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिच्या नवऱ्याला, मधुकरला, बजावलं होतं, "औषध अर्धं काम करील. उरलेलं हवा करील. ही जिथं बसते-निजते तिथं खिडकी दिवसरात्र उघडी पाहिजे." मधुकरनं दुसऱ्याच दिवशी पहार घेतली आणि मातीची भिंत फोडून चौकट बसवली. शामला दारात बसून एकेक घाव ऐकत होती. चार वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिच्यासाठी केलेलं हे पहिलं काम, आणि ती अगदी हरखून गेली होती.

थंडीभर खिडकी उघडी राहिली. शामला अंथरुणावरून उठली, भाकरी खाऊ लागली, मागाजवळ बसून कांड्यांवर सूत भरू लागली. खोकला आठवड्याला एखाद्या वेळी यायचा. दवाखान्यात वजन केलं तर तीन शेरांनी वाढलेलं निघालं. खाप्याच्या माहेरी तिनं निरोप धाडला, मी वाचले.

मग चैत लागला. नागपूरची कोरडी झळ खिडकीतून आत शिरली आणि मागावरचा ताणा, ताणलेले उभे धागे, तटातट तुटू लागला. सुताला ओल लागते, हे कोष्ट्याच्या घरी पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बाबनरावनं खिडकीवर ओलं गोणपाट ठोकलं आणि जमिनीवर घागरभर पाणी ओतलं. खोलीत वाफ दाटली. सुताची लव हवेत तरंगत राहिली, ती श्वासाबरोबर आत जायची.

"मामाजी, डॉक्टरनं खिडकी उघडी ठेवा म्हटलं होतं," शामला म्हणाली.

"डॉक्टरले माग चालवा लागते का?" बाबनराव म्हणाला. "एवढं लुगडं मागावरून उतरू दे, मंग उघडू."

तिला ते पटलं, हीच खरी दैना. ती स्वतः कोष्ट्याची लेक, तुटलेलं सूत दिसलं की तिचेच हात गाठ मारायला धावायचे. पंधरा दिवसांत खोकला परतला. तरी ती तोंडाला पदर लावून पिवळ्या सुताच्या कांड्या भरत राहिली.

एका दुपारी रुख्माबाईनं, तिच्या सासूनं, लाल सूत पुढ्यात टाकलं. "सात धाग्यांपुरती कांडी भर वं. पदराले पाह्यजे."

शामलाचा हात थांबला. पिवळ्या लुगड्याच्या पदरात सात लाल धागे या घरात एकाच लुगड्याला घालत. घरात येणाऱ्या नवरीच्या. तिच्या लग्नात तिनंही तसंच नेसलं होतं. आणि बाबनरावला मुलगा एकच.

"आत्याबाई, हे कोनासाठी?"

रुख्माबाईनं नजर चुकवली नाही. तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता. "जेठात हाय लगन. उमरेडची पोरगी हाय. तू काही जगून नाही राहिली, मंग घर काहून बुडवाचं?"

सगळे जेवायला गेले तेव्हा शामला उठली आणि तिनं गोणपाट ओरबाडून काढलं. झळ आत आली. ती चौकटीला धरून उभी राहिली आणि पोटभर श्वास घेतला. मागे सूत तुटत होतं. ती मोजत नव्हती, पण तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

कोणी तिला मारलं नाही. बाबनरावनं तुटलेला ताणा पाहिला आणि म्हणाला, "घरात हिच्यावानी बारीक गाठ कोनाले येत नाही. बसवा हिले." दोन दिवस बसून शामलानं सवतीच्या लुगड्याचे धागे सांधले. हात वेडेवाकडे चालवायचं तिनं ठरवलं होतं, पण हातांना ते येईना. एकही गाठ दिसली नाही. तिच्या पाठीशी मधुकर विटा-मातीनं खिडकी बुजवत होता.

"तुमीच फोडली होती," ती मान न वळवता म्हणाली.

"सूत तुटून राहिलं ना," तो म्हणाला.

लग्न झालं. शामलाचं अंथरूण मागल्या अंगाला, सरपणाच्या खोपटात गेलं. तिथं दार होतं, ते खोकल्याचा आवाज येतो म्हणून लोटलेलं असायचं. आषाढ लागला, हवा ओली झाली, सूत तुटायचं थांबलं.

एका सकाळी तिला पहारीचे घाव ऐकू आले. एकेक घाव तिच्या ओळखीचा होता. ती कोपरावर उठून बसली. मधुकरला अखेर आठवण झाली असं तिला वाटलं, आणि तिनं केस सावरले.

रुख्माबाई पेज घेऊन आली.

"खिडकी उघडून राहिले का?" शामलानं विचारलं.

"हो. नव्या सुनेले कोंडल्यावानी होते म्हने," रुख्माबाई म्हणाली. पेज खाली ठेवून ती बाहेर पडली आणि जाताना तिनं दार ओढून घेतलं.