पट्ट्यावरची रेघ

मुद्रितशोधकाने विकायला काढलेल्या जुन्या गाडीच्या पुढच्या झाकणावर तळहात ठेवला. गार होतं. म्हणजे सुरू व्हायची खोड लपवायला इंजिन आधीच तापवून ठेवलेलं नव्हतं. त्याच्या जिवात जीव आला. आधीच्या गाड्या मेहुण्याने एकेका वाक्यात निकालात काढल्या होत्या. परवडण्यासारखी ही एकच उरली होती.

"भाऊजी, गाडी आहे ती. ताप काय बघताय?" तेलाच्या टोपणाखाली बोट फिरवत मेहुणा म्हणाला. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. "तेल स्वच्छ आहे, क्लच धरतोय. घेऊन टाका."

"घरची गाडी आहे," विकणारा म्हणाला. "पोरांच्या शाळेपलीकडे कुठे नेली नाही."

बायको मागच्या सीटवर बसली होती. उपचार सुरू झाल्यापासून तिला बसची पायरी चढवत नव्हती, आणि इस्पितळ दुसऱ्या शहरात, दर सोमवारी गाठायचं. "अहो, इथे पाय लांब करता येतात की!" ती म्हणाली आणि चक्क हसली.

तिला पट्टा लावून द्यायला तो वाकला आणि त्याने पट्टा अगदी शेवटपर्यंत ओढला. मजकूर असो की आणखी काही, अर्ध्यावर सोडणं त्याला जमतच नसे. एरवी आत गुंडाळलेल्या राहणाऱ्या भागावर सुकलेल्या गाळाची रेघ होती. गाडी कधीतरी पाण्यात बुडाली होती. सीट धुतल्या होत्या. पट्टा कुणी उलगडला नव्हता.

हात सैल सोडला असता तर पट्टा सर्रकन आत गेला असता. मेहुण्याने काही पाहिलं नव्हतं. जन्मात एक तरी चूक तशीच जाऊ द्यावी, असं त्याला फार वाटलं. पण इस्पितळाच्या वाटेवर, भर उन्हात, बंद पडलेल्या गाडीत बसलेली ती त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"जरा इकडे ये," तो मेहुण्याला म्हणाला.

मेहुण्याने रेघ नखाने खरवडली. पायाखालचा गालिचा उचलून तारांचा एक जोड उघडला. आत हिरवा गंज. "आतून कुजत चाललीय. आज चालेल, उद्या कुठे दगा देईल, नेम नाही."

"आम्ही घेतली तेव्हाही अशीच असेल हो," विकणारा पुटपुटला.

"ताई, उतर," मेहुणा म्हणाला.

ती हलली नाही. "माझ्याहून जास्तच टिकेल ती." मग ती नवऱ्याला म्हणाली, "इस्पितळात कळवून टाका, सोमवारी येत नाही म्हणून."

"या सोमवारी?"

"कुठल्याच."

असं बोलू नये, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. मग पट्टा सोडला आणि तिला उतरवायला हात पुढे केला.