क्षणापुरता स्थिर बिंदू

मित्रांनो, मी सागवानी दांड्यांची, यंत्राच्या जोडणीची एक जुनी प्रतिकृती आहे. विद्यानगरातल्या एका तंत्रनिकेतनात भिंतीला लटकलेली. पाटावर जोडलेल्या तीन दांड्या, चार पितळी खिळे आणि एक मूठ, एवढाच माझा संसार. धोंडिबा सुतारानं मला घडवलं तेव्हा मूठ फिरवली की आखूड दांडी गरगर फिरे आणि लांब दांडी वरखाली झुले. दोघींना जोडणारी मधली दांडी मात्र कशी फिरते, ते चटकन कुणाला सांगता येत नसे.

वर्गावर शिकवताना हेमावती मॅडम आखूड आणि लांब दांडीच्या रेषेत एकेक दोरा ताणत. दोरे हवेत जिथं छेदत, तिथं त्या बोट ठेवत. मधली दांडी या क्षणी याच बिंदूभोवती फिरते, असं सांगत. तिचं जे टोक बिंदूपासून दूर, त्याचा वेग जास्त. जे जवळ, त्याचा कमी. नुसत्या पट्टीनं वेग निघतो याचं मुलांना नवल वाटे आणि मला, खोटं कशाला बोलू, गर्व. पण मॅडम लगेच मूठ फिरवत आणि तो बिंदू भलतीकडेच पळे. "क्षणिक केंद्र म्हणा," त्या बजावत. "क्षणिक हा शब्द गिळू नका." एका फेरीच्या बारा आकृत्या काढल्याशिवाय त्या वही तपासत नसत.

त्या निवृत्त झाल्या. दमट भिंतीनं माझं लाकूड फुगलं, खिळ्यांवर हिरवं कीट चढलं आणि मी एकाच जागी अडकले, लांब दांडी वर करून. कुणी तेलाचा थेंब दिला नाही. वर्गातही आता सगळे नुसतं 'केंद्र' म्हणत. ते ऐकलं की माझ्या मनात पाल चुकचुके.

गेल्या मिरचीच्या हंगामात इथलीच एक विद्यार्थिनी, सुकन्या, माझ्यासमोर येऊन बसली. तिचे अप्पा गुंडू जुन्या हुबळीतल्या एका गोदामात मिरचीची पोती दाबायच्या यंत्रावर होते. पोत्याचं तोंड ते काठीनं सारखं करत. काम रेंगाळतं म्हणून मालक कुरकुरत होता. काठीऐवजी हात घातला तर दाबदांडी यायच्या आत निघेल का, एवढंच त्यांनी लेकीला विचारलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत थांबलेल्या यंत्राचा फोटो तिनं मोबाईलवर आणला होता. त्याची जोडणी माझ्यासारखीच, लांब दांडी म्हणजे दाबदांडी. तीही वर, अगदी माझ्यासारखी. तिनं दोन रेषा ओढल्या, बिंदू काढला, पट्टी लावली. मुठीकडचं टोक बिंदूपासून आठ बोटं, दाबदांडीकडचं चार. म्हणजे दाबदांडीचा वेग मुठीकडच्या टोकाच्या निम्मा. मग तिनं माझी मूठ फिरवून पाहिली. मी जिवाच्या आकांतानं धडपडले, पण हलले नाही. तिनं मूठ सोडली आणि फोन लावला.

"अप्पा, सावकाश येते ती. हात निघतो."

आठ दिवस हात निघाला. नवव्या दिवशी जरा उशीर झाला आणि तीन बोटं गेली.

त्यानंतर सुकन्या मैत्रिणीला, दीपश्रीला, घेऊन आली. दोघींनी तेल सोडून, ठोकून मला मोकळं केलं. यंत्राची मापं घेऊन बारा आकृत्या काढल्या. सातव्या आकृतीत बिंदू मुठीकडच्या टोकाजवळ सरकला होता. तिथं दाबदांडी फोटोतल्या क्षणाच्या चौपट वेगानं येत होती.

अप्पा काय म्हणाले, ते सुकन्यानं तेव्हा रडत सांगितलं. दवाखान्यात तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून ते म्हणाले होते, "तुजं गणित बरोबरच हुतं बाळ. माजाच हात चुकला बघ."

यंत्र चालूच आहे. गुंडूच्या जागी आलेल्या माणसाला मालकानं सांगितलंय, की शिकलेल्या मुलीनं मापून बघितलंय, बिनधास्त हात घाल. उद्या सुकन्या वही घेऊन तिकडे जाणार आहे. पण त्याआधी आज तिला अप्पांना खरं सांगायचं आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेल देत जा, पूर्ण फेरी फिरवून बघत जा. मी त्या दिवशी हलले असते, तर अप्पांसमोर उभं राहायची ही वेळ तिच्यावर आली नसती.