अनेकवचनाचा कोरा रकाना

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. वर काठी, खाली काठी, मध्ये माझं मळकट पांढरं अंग. एका रंगाऱ्यानं माझ्यावर दोन रकाने आखले, एकवचन आणि अनेकवचन, आणि देशोदेशीच्या माणसांना इंग्रजीत काय म्हणतात ते लिहिलं. एक इटालियन, अनेक इटालियन्स. एक डचमन, पुष्कळ डचमेन. जॅपनीज मात्र एक असो की हजार, जॅपनीजच.

शिवण कारखान्यामागच्या खोलीत परदेशी कामगारांचा वर्ग भरे. तिथं मी लटकू लागलो. वर्ग घेणाऱ्या बाईंची एक रीत होती. नव्या माणसानं आपल्या शब्दावर बोट ठेवून एकवचन म्हणायचं आणि त्याच्या देशवाल्यांनी उभं राहून अनेकवचन म्हणायचं. बाकं सरकत, हशा पिकत असे आणि आलेला माणूस वर्गाचा होऊन जाई. तेव्हा माझा मोठा मान होता.

एकदा भूतानहून एक शिवणकाम करणारी आली. तिचं बोट वरून खाली फिरलं आणि काठीशी थांबलं. तिचा शब्द माझ्यावर नव्हताच.

"ताई, आमच्या ओळीत या," इटालियन पाववाला म्हणाला. "गर्दी आहे, पण सरकून घेऊ."

ती हसली. दुसऱ्या दिवशी सुईदोरा घेऊन आली आणि तळाशी निळ्या धाग्यानं शिवलं, भूतानीज. पुढचा रकाना कोरा ठेवला.

"अहो, जॅपनीजसारखंच आहे की! तोच शब्द पुन्हा घाला," पाववाला म्हणाला.

"शब्द तोच आहे हो दादा. दुसरं माणूस कुठं आहे?"

तिची धाकटी बहीण येणार होती. आज येईल, उद्या येईल. कागद अडले होते. ऊन आलं, ऊन गेलं, निळा धागा फिका झाला. मग भिंतीवर हलत्या चित्रांचा पडदा लागला. बाई म्हणाल्या, "तक्ता टाकून देऊ आता."

"बाई, एक रकाना राहिलाय. तो भरू द्या, मग खुशाल टाका," भूतानची ताई म्हणाली.

म्हणून मी गुंडाळून कपाटामागे उभा राहिलो. ओल लागली, उंदरानं कोपरा कुरतडला. कुणी विचारपूस केली नाही.

एक दिवस तिनंच मला ओढून काढलं, झटकलं, टांगलं. तिचे केस पिकू लागले होते. मागे तिच्याच तोंडवळ्याची, काळ्याभोर केसांची एक बाई उभी होती. हातात अजून प्रवासाची पिशवी. धाकटीनं निळ्या शब्दावर बोट ठेवलं आणि तो म्हटला. आता पाळी थोरलीची. ती उभी राहिली आणि धाकटीकडे बघतच राहिली.

"म्हण की गं ताई! एवढ्या लांबून आलेय मी."

मग दोघींनी मिळूनच म्हटला.

थोरलीनं निळ्या धाग्यानं कोरा रकाना भरला. "आता टाकायचा ना?" पाववाल्यानं डोळे मिचकावले. तिनं दोरा तोडला नाही. खाली आणखी एक रिकामी ओळ आखली आणि सुई काठाला टोचून ठेवली.

मित्रांनो, मी विरत चाललोय. मला धुवाल तर हलक्या हातानं धुवा, कडक उन्हात ठेवू नका. आणि ती सुई तेवढी काढू नका. कुणीतरी वाटेत असेल.