हॅलोताईच्या गळ्यातली शिट्टी

मित्रांनो, मला ओळखायला डोळ्यांपेक्षा कानच जास्त उपयोगी पडतात. दिसायला मी जेमतेम अंगठ्याएवढी, एक जुनी पितळी शिट्टी. अंगावर एके काळी चांदीसारखा मुलामा होता. आता तो कडांवरून उडाला आहे आणि खालचे पिवळे पितळ डोकावते. पण माझ्या पोटातली बुचाची गोळी अजून गरगर फिरते, आणि ती फिरते तोवर माझा आवाज शाबूत आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, साच्यात दाबला, बाजू जोडल्या. एका कामगार बाईने गोळी माझ्या पोटात सरकवली, मला एकदा फुंकले आणि "ही चांगली बोलते" असे म्हणून खोक्यात टाकले. तेवढी शाबासकी घेऊन मी जगात आले.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या फाटकावर होती. तिथल्या पहारेकऱ्याला सगळे फाटकदादा म्हणत. रुग्णवाहिका दिसली की तो गाल फुगवून मला फुंकायचा आणि सगळ्या मोटारी, सायकली भराभर बाजूला सरायच्या. फाटकाला लागूनच टेलिफोनची खोली होती. तिथे एक बाई कानाला यंत्र लावून दिवसभर फोन जोडत बसायची. "हॅलो, थांबा हं, जोडते!" हे तिचे शब्द इतके सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते की तिचे नावच हॅलोताई पडले. चिडलेली, घाबरलेली, रडणारी माणसे तिच्या कानात ओरडायची. तिचा आवाज मात्र कधी चढायचा नाही.

मग फाटकाला आपोआप उघडणारा दांडा बसला. त्याच सुमारास टेलिफोनच्या खोलीत एक मशीन आले. 'एक दाबा, दोन दाबा' असे ते न थकता सांगू लागले. फाटकदादाची रवानगी बागेत झाली आणि हॅलोताईला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवण्यात आले. निघताना फाटकदादाने मला तिच्या हातावर ठेवले.

"ताई, ही घेऊन जा. आता झाडांना काय शिट्टी वाजवू? घरी कुणी ऐकलं नाही तर वाजवा."

दोघेही खूप हसले. हसता हसता ताईने डोळे पुसले.

घरी गेल्यावर तिने पहिले काम काय केले असेल? मला उकळत्या पाण्यात टाकले! फाटकदादाच्या तोंडातली ना मी! गोळी फुगली, आणि दोन दिवस माझा आवाज बसला. मग तिने मला स्वयंपाकघरात, पुसण्याच्या फडक्याशेजारच्या खिळ्याला अडकवले.

त्या खिळ्यावरून मी ताईचे दिवस पाहिले. तिचे यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचे दुकान होते. मुलगा नोकरीसाठी दूर गेला होता. ताईने आधी सगळी कपाटे आवरली, मग आवरलेली कपाटे पुन्हा आवरली. घरचा फोन वाजला की तिच्या तोंडून "थांबा हं, जोडते" निघून जायचे, आणि मग ती उगाचच फडक्याने फोन पुसत बसायची.

"अगं, आराम कर की आता," यजमान म्हणायचे. "इतकी वर्षं राबलीस."

"आराम करून करून अंग दुखायला लागलंय हो माझं," ती म्हणायची.

शेवटी तिची साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. वाटेतल्या कुत्र्यांना घाबरून तिने मला दोरीत ओवून गळ्यात घातले. अशी मी खिळ्यावरून सुटले.

चालायची जागा म्हणजे जवळचे मैदान. तिथे रोज संध्याकाळी मुले-मुली फुटबॉल खेळायची. खेळायची कमी आणि भांडायची जास्त. एके दिवशी एका गोलवरून हमरीतुमरी सुरू झाली. कॉलरी धरल्या गेल्या. ताई काठावरून ओरडली, पण तिचे कोण ऐकणार? तिने मला ओठांना लावले आणि जीव खाऊन फुंकले.

सगळे मैदान जागच्या जागी थिजले. सगळ्यात जास्त दचकली ती ताई स्वतःच.

"काकू, तुम्हीच सांगा," एक मुलगी धापा टाकत म्हणाली. "बॉल बाहेर गेला होता ना?"

"गेला होता. मी बघितलं. आणि दोघांनी कॉलरी सोडा आधी."

कॉलरी सुटल्या. दुसऱ्या दिवशी मुलांनी तिला चालूच दिले नाही. "काकू, तुम्ही पंच!" म्हणून थेट मध्यावर नेऊन उभे केले. ऑफसाइड म्हणजे काय हे मुलांनी तिला दगड मांडून समजावले, आणि लवकरच ती मुलांना समजावू लागली. मग कुणीतरी सांगितले की फुटबॉलच्या पंचांचा रीतसर अभ्यासवर्ग असतो, परीक्षा असते. त्या संध्याकाळी ताई घरी इतक्या भरभर आली की मी तिच्या गळ्यात उड्या मारत होते.

तिची नणंद चहाला आली होती. बातमी ऐकून तिला ठसकाच लागला.

"वहिनी, सत्तेचाळीस वर्षांच्या तुम्ही! चड्डी घालून पोरांमागे धावणार? लोक काय म्हणतील?"

"फोनवर लोक मला काय काय म्हणायचे ते ऐकवलं ना, तर तुम्हाला कान धुवावे लागतील," ताई म्हणाली आणि तिने नणंदेच्या कपात आणखी चहा ओतला.

यजमान उठून पुढच्या खोलीत गेले. त्यांचे शिलाई मशीन तेवढे नेहमीपेक्षा जोरात चालत राहिले.

वर्गाचे शिक्षक जुने नावाजलेले पंच होते. ताईला नखशिखांत न्याहाळून ते म्हणाले, "बाई, नियम पाठ होतील तुमचे. पायांचं काय?"

त्यांचे खोटे नव्हते. परीक्षेत ठरलेल्या वेळेत मैदानाला फेऱ्या मारायच्या होत्या. बरोबरची तरणी पोरे सहज पळाली. ताईला शेवटच्या फेरीत उलटी झाली आणि ती गवतावर बसली. तिच्या छातीची धडधड मला अंगभर जाणवत होती. घरी येऊन तिने मला पुन्हा त्याच खिळ्याला अडकवले.

"एकच काम येत होतं मला," ती यजमानांना म्हणाली. "ते मशीननं नेलं. नवीन काही नाही जमायचं आता."

यजमानांनी वर्गातून मिळालेला तिचा सदरा उचलला. तो पुरुषी मापाचा होता, खांदे कोपरापर्यंत ओघळलेले.

"हे पोतं घालून पळत होतीस? ऊठ, माप घेऊ दे."

"तुम्हाला तर आवडत नाही ना हे?"

त्यांनी तिच्या खांद्यावर टेप धरली. "तू पडशील, लोक हसतील. मला बघवणार नाही गं ते."

"मग बघू नका. शिवा तरी नीट."

"हात वर कर," ते म्हणाले. "पळायचं तर काखेत मोकळा हवा."

तो सदरा अंगात आला आणि ताईची चालच बदलली. रोज सकाळी ती मैदानात पळू लागली. आधी एक फेरी, मग थोडी जास्त. कधी गुडघा सुजला, कधी पाऊल मुरगळले. तिने गुडघा शेकला, पट्टी बांधली आणि पुन्हा बूट घातले. पुढच्या परीक्षेत ती सगळ्यांच्या मागे होती, पण वेळेच्या आत होती! जुने पंच स्वतः टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर आम्ही शाळांचे सामने केले, मग संघांचे. आणि मग शहराच्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. गोदी कामगारांचा संघ विरुद्ध कारखान्याचा संघ. पंच म्हणून ताईची निवड झाली तेव्हा बरीच नाके मुरडली गेली, पण तिचे नाव सुचवणारे जुने पंच आपल्या शब्दावरून हटले नाहीत.

मैदान खचाखच भरले होते. सामना संपत आला तरी बरोबरी सुटत नव्हती. गोदीच्या संघात एक आडदांड खेळाडू होता, त्याला सगळे पहिलवान म्हणत. कोपऱ्यातून चेंडू उंच आला, पहिलवान हवेत उडाला आणि चेंडू जाळ्यात! गोदीवाल्यांनी आकाश डोक्यावर घेतले. पण ताई अगदी जवळ होती. चेंडूला डोके नव्हे, मूठ लागली होती. मित्रांनो, तिचे दात माझ्यावर घट्ट बसले, आणि असा श्वास माझ्यात शिरला की माझी गोळी भिंगरीसारखी फिरली.

"गोल नाही! हाताने मारला."

क्षणात सगळा संघ तिच्याभोवती गोळा झाला. प्रेक्षकांतून कुणी ओरडले, "काकू, घरी जा! दूध उतू गेलं!" हशा पिकला. माझी दोरी तिच्या घामाने भिजली होती. पण तिने एक हात वर केला आणि शांतपणे म्हणाली, "कप्तान कोण? तू ना? मग तूच बोल. बाकीचे मागे व्हा. आणि हळू बोल, मला चांगलं ऐकू येतं."

कप्तानाचा आवाज आपोआप खाली आला. "बाई, पक्कं बघितलंत?"

"पक्कं."

तिने पहिलवानाला पिवळे कार्ड दाखवले, घड्याळ पाहिले आणि खेळ सुरू केला. जादा वेळेत पुन्हा तसाच उंच चेंडू आला, पुन्हा पहिलवान उडाला. या वेळी मात्र खणखणीत डोके! आम्ही दोघी एका दमात वाजलो आणि ताईने मैदानाच्या मध्याकडे बोट केले. गोल! मघाशी तिला घरी पाठवणारेच आता नाचत होते.

सामना संपल्यावर पहिलवान मान खाली घालून आला. "काकू, मघाशी हात लागला होता."

"माहीत आहे रे. म्हणून तर वाजवली."

"आणि दुसरा?"

"दुसरा सुरेख होता."

मैदानाच्या दाराशी यजमान उभे होते. त्यांनी येणार नाही म्हणून सांगितले होते. "बघितलंत?" तिने विचारले.

"त्या भांडणाच्या वेळी डोळे मिटून घेतले होते मी," ते म्हणाले. "पण शिट्टी ऐकली. ऐकली आणि कळलं, ही आता हटत नाही."

आता ताई स्वतः नव्या पंचांना शिकवते. मोठ्या सामन्यांसाठी तिने बिनगोळीची नवी शिट्टी घेतली, तेव्हा माझा जीव थोडा खट्टू झाला, खोटे का बोलू? पण तिने मला अडगळीत टाकले नाही. नवशिक्यांनी पहिला श्वास माझ्यातच भरायचा, असा तिच्या वर्गाचा दंडक आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू वापरून झाल्या की पुसा, कोरड्या ठेवा, त्यांना मधून मधून काम द्या. आणि तुमची आई, आत्या, काकू एखाद्या दिवशी म्हणाली की मला हे नवीन शिकायचे आहे, तर हसू नका. तिचे बूट कुठे आहेत ते शोधून द्या.

परवाच वर्गात एक बाई आल्या. वयाने ताईएवढ्याच, आयुष्यभर बेकरीत काम केलेल्या. त्यांनी मला दोन बोटांत धरले.

"मला जमेल का हो?"

"मला काय माहीत?" ताई म्हणाली. "फुंकून बघा."

पहिल्यांदा नुसती हवा गेली. बाईंनी पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला, आणि मी अशी वाजले की पलीकडच्या गोलापाशी खेळणारी पोरेसुद्धा वळून बघू लागली.