चुलीपाशी ठेवलेली रायफल

१९७४ साल होतं. त्या फेब्रुवारीत उत्तरेकडच्या देशांची बायथलॉन अजिंक्यपद स्पर्धा फिनलंडमधल्या कोइवुसालो गावी भरली. शेवटच्या सांघिक शर्यतीत हिल्काचा नवरा ओइवा आपल्या संघाचा चौथा आणि अखेरचा गडी होता. पायांत स्की, पाठीवर रायफल, आणि वाटेत दोनदा थांबून पाच-पाच तबकड्या फोडायच्या. बर्फावर पळण्यात ओइवाचा हात धरणारा कुणी नव्हता. नेम धरताना मात्र तो घाई करायचा. "या खेपेला चुकलो तर संघातून नाव गेलंच समज," असं तो हिल्काला म्हणाला होता.

शर्यतीच्या सकाळी हिल्का थंडगार ओसरीत आली, तर खुंटी रिकामी! रायफल आत चुलीपाशी होती. तेल लावून चकचकीत केलेली. शेजारी सासरे, आर्विद, आरामात कॉफी पीत बसलेले.

"मामंजी, हे काय केलंत?"

"अगं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. काकडत होती बिचारी. आत आणली, जरा तेलपाणी केलं."

"रायफल काकडत नसते हो! उबेतून थंडीत नेली की पाणी सुटून गोठतं, आणि तेलाचा होतो डिंक. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"युद्धात आम्ही..."

"युद्धात तुम्ही स्वयंपाकी होतात, मामंजी."

आर्विदनी कपात तोंड घातलं.

हिल्कानं पेट्रोलनं तेल धुतलं, नळी आणि गोळी आत सरकवणारा बोल्ट कोरडे केले आणि रायफल बाहेर टांगली. बोल्ट सरकत होता, पण रडतखडत. ओइवापासून तिनं काही लपवलं नाही.

"तेलाचा टिपूस नाही त्यात. दर गोळीला जोर लावावा लागेल."

"पण उडेल ना?"

"उडेल. मी सांगतेय ना!"

अखेरच्या नेमबाजीला ओइवा आणि स्वीडनचा स्टेलान ब्रांट बरोबरीनं आले. ब्रांटनं धडाधड गोळ्या झाडल्या. एक तबकडी काही फुटेना. चुकलेल्या नेमासाठी मिळणाऱ्या जादा तीन गोळ्याही संपल्या, आणि राहिलेल्या तबकडीपायी तो शिक्षेचा जादा फेरा मारायला गेला. ओइवाला घाई करताच येईना. बोल्ट ओढायचा तर रायफल खांद्यावरून खाली घ्यावी लागे. मग पुन्हा श्वास, पुन्हा नेम. एकेक करत पाचही तबकड्या फुटल्या.

"पाहिलंस, सूनबाई? माझं तेल!"

"गप्प बसा हो, पळू द्या त्याला!"

एकदा पळायला लागल्यावर ओइवा कुणाला सापडतोय? सुवर्णपदक गावातच राहिलं.

ओइवा पुढे कितीतरी वर्षं संघात टिकला, मग पोरांना शिकवू लागला. गेल्या हिवाळ्यात तो गेला. आर्विद त्याच्या आधीच गेले होते, त्या विजयाचं श्रेय शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवून. ब्रांट दर उन्हाळ्यात गळ घेऊन त्यांच्या तळ्यावर यायचा. आता त्याची मुलगी येते. आणि हिल्का? संघाच्या सगळ्या रायफलींची देखभाल तिच्याकडे आली, ती निवृत्तीपर्यंत. आता गुडघे कुरकुरतात, पण बर्फ पडला की ती दुकानात जाते ती स्कीवरूनच.