पूर्वेची भिंत

आमच्या गावच्या चर्चची पूर्वेची भिंत मी नासवली. मी म्हणजे शांतवन, निवृत्त शिक्षक आणि बावीस वर्षं मंडळीचा सेक्रेटरी. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात सगळ्यांना ते माहीत आहे आणि माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

नगर जिल्ह्यात, कर्जतच्या अलीकडे रस्त्याला लागून हे चर्च आहे. दगड-चुन्याचं, सव्वाशे वर्षांचं. बारा वर्षांपूर्वी त्या भिंतीचा जुना गिलावा पडायला लागला, तेव्हा मी हौसेनं बाहेरून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा मारून घेतला. नाताळात सगळ्यांनी वाहवा केली. मग दोन पावसाळ्यांतच कळलं की आतली ओल बाहेर पडेना. ती भिंतीतच कोंडली आणि आतून दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. माझी आई ज्या बाकावर बसायची, त्यावर रोज दगडाचा भुगा पडलेला असतो. दर रविवारी कुणी यायच्या आत मी तो पुसतो.

यंदा चर्च दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा पंच कमिटीत दोन तट पडले. रॉबिन, आमचा सगळ्यात तरुण पंच, म्हणाला, सगळीकडे सिमेंट मारून मोकळं होऊ. मी म्हणालो, चुनाच लावायचा.

"सर आता मंडळीलाच चुना लावणार म्हणा की!" रॉबिन म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मी हसलो नाही.

शेवटी ठरलं की पश्चिमेच्या भिंतीला चुना लावून बघायचा. पावसाळ्यानंतर नगरचे कल्याणसर येऊन तपासतील. ते जुन्या इमारतींचे इंजिनिअर. त्यांनी पास केली तर पूर्वेचं सिमेंट काढून सगळ्या चर्चला चुना, नापास केली तर सगळीकडे सिमेंट.

चुन्याचं काम येणारा पंचक्रोशीत एकच माणूस उरला होता, गोरक्षनाथ गवंडी. वय चौऱ्याहत्तर, तोंडानं फटकळ. चर्चचं काम चालेल ना, असं विचारलं तर म्हणाले, "देवाचं घर हाय न्हवं? मग झालं." मी जरा घाई केली की लगेच सुनवायचे, "गुरुजी, चुना मुरू द्या. ही काय तुमच्या शाळंची घंटा हाय व्हय?"

महिनाभर त्यांनी चुना पाण्यात मुरवला. मग त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. हिरडा मुद्दाम अकोल्याहून आणवला. उन्हाळा सरता सरता भिंत झाली आणि चार महिने पावसानं तिला झोडपलं.

ऑक्टोबरात कल्याणसर आले. त्याच दिवशी भिंतीचा तळाचा थोडा भाग भरायचा होता, म्हणून गोरक्षबाबांनी हिरडा-गुळाचं पाणी उकळून, गाळून पातेल्यात ठेवलं होतं. शेजारीच माझ्या बायकोनं, मरियानं, पाठवलेला गुळाचा कोरा चहा, तसल्याच पातेल्यात. रंग एकच, वासही गुळाचाच. साहेब आले म्हणून माझी उडाली तारांबळ. मी कप भरला आणि पुढे केला.

"गावाकडचा चहा! जरा तुरट आहे, पण छान," ते म्हणाले. मग मी आग्रहानं आणखी एक कप पाजला. भिंत उद्या सकाळी निवांत बघतो म्हणून ते कर्जतला मुक्कामाला गेले.

गोरक्षबाबा येऊन पातेल्यात डोकावले. "गुरुजी, भिंतीचं पानी कुनी कमी केलं?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हिरड्यानं पोट कसं साफ होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. फोनही उचलेनात. रॉबिन हसून हसून लोळायचा तेवढा बाकी होता. मरिया म्हणाली, "बावीस वर्षं सेक्रेटरी आहात, चहा ओळखता येईना?" मी चर्चमध्ये जाऊन आईच्या बाकावर बसलो आणि कळवळून प्रार्थना केली, प्रभू, साहेबांचं पोट थांबव. माझ्या हातून ही भिंत दुसऱ्यांदा जाऊ देऊ नकोस.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. चेहरा पार उतरलेला. मी हात जोडून सगळं कबूल केलं.

"म्हणजे या भिंतीत जे घातलंय, ते मी प्यालो?"

"व्हय," गोरक्षबाबा म्हणाले. "पर भिंतीला सोसलं."

साहेबांना हसू फुटलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. हसून झाल्यावर मात्र ते कामाला लागले. तासभर भिंत ठोकत फिरले. पाणी मारून बघितलं. आत जाऊन जागोजागी तळहात टेकवला. भिंत आतून कोरडी ठणठणीत होती.

"पास," ते म्हणाले. "असं काम हल्ली बघायला मिळत नाही."

"मला ठावं हुतं," गोरक्षबाबा म्हणाले, पण त्यांनी पटकन खाली बसून घेतलं.

मग साहेब पूर्वेच्या भिंतीकडे वळले. "हे सिमेंट कुणी मारलं?"

निकाल ऐकायला जमलेले सगळे पंच जमिनीकडे बघू लागले. रॉबिनसुद्धा. त्याला एवढी चांगली संधी होती, तरी तो गप्प राहिला. मला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि स्वतःची लाज.

"मी मारलं," मी म्हणालो.

गोरक्षबाबा उठले आणि त्यांनी छिन्नी-हातोडी माझ्या हातात दिली. "मग पयला घाव तुमीच घाला. जरा बेतानं. दगडाला लागू देऊ नका."

मी छिन्नी सिमेंटवर टेकवली आणि घाव घातला. तिसऱ्या घावाला परातीएवढा तुकडा सुटून खाली पडला. मागचा दगड ओला, काळाशार होता. मी त्याच्यावर हात ठेवला, गार लागलं, आणि सगळ्यांसमोर मला रडू आलं. रॉबिन जवळ येऊन उभा राहिला.

"आता वाळेल का हा?" मी विचारलं.

"वाळंल की. वारं लागू द्या," गोरक्षबाबा म्हणाले. "त्यो काय मनात धरून बसत न्हाई, गुरुजी."

मी डोळे पुसले आणि चौथा घाव घातला.